जुन्या पेठेतली पायी फेरी : खान्देशातल्या लहान गावांत नेमकी कशी आखावी?

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

अमळनेरच्या जुन्या भागात दर रविवारी सकाळी माहीतगार माणसासोबत पायी फेरी सुरू करायचं घाटतंय. येणारे लोक बहुतेक जळगाव, धुळे, नाशिक, सुरतेकडचे असतील, काही गावातलेच. सध्याची यादी अशी आहे : दगडी दरवाजा, बोरी नदीचा काठ, संत सखाराम महाराजांची वाडी (म्हणजे त्यांचं वारकरी संस्थान) आणि समाधी, चार जुने सागवानी वाडे, सराफ बाजार, दोन मंदिरं, साने गुरुजी शिकवायचे ते प्रताप हायस्कूल, तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप महाविद्यालय आणि शेवटी विप्रोचा कारखाना बाहेरून. एकूण चौदा ठिकाणं. अंतर साधारण तीन किलोमीटर धरलंय, वेळ दोन तास.

हे जमेल का? गट किती जणांचा असावा? पैसे घ्यावेत की नाही? पारोळा, नंदुरबार, एरंडोल, यावलकडे असं काही आखणाऱ्यांनीही लिहावं. अडचणी सगळीकडे सारख्याच असणार.

---

पेठकरी

बोरीकाठ, जमणार नाही. हिशोब मांडून बघा.

एकटा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. बारा-पंधरा जणांचा गट बोळातून तासाला दोन, फार तर सव्वादोन किलोमीटर सरकतो. कुणी फोटो काढतो, कुणी चपलेचा पट्टा लावतो, समोरून मोटारसायकल आली की सगळे भिंतीला टेकतात. म्हणजे तीन किलोमीटरला नुसतं चालायला ८० मिनिटं. चौदा थांबे, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे ७०. प्रत्येक थांब्यावर मागचे येऊन पोचेपर्यंत दीड मिनिट, तेही वीस मिनिटांवर जातं. सुरुवातीची ओळख आणि सूचना १०. एकूण तीन तास. दोन तासांनंतर लोकांचे कान बंद होतात, पाय बोलायला लागतात.

आकडे असे ठेवा : सात थांबे, प्रत्येकी ७ मिनिटं = ४९. अंतर १.३ किलोमीटर = ३९. गोळा होणं १४. सुरुवात ८. एक तास पन्नास मिनिटं. दहा मिनिटं हातची राहतात, आणि ती लागतातच. कुठला तरी वाडेवाला स्वतःहून दार उघडून "या, बठा" म्हणतो, तेव्हा घड्याळाकडे बघावं लागू नये.

गट बारा जणांचा, कमाल चौदा. त्यापुढे बोळ भरतो, पाठीमागच्याला ऐकू येत नाही, आणि घरातल्यांना दारात गर्दी जमल्यासारखं वाटतं. सोबत एक मदतनीस हवाच. तो शेवटच्या माणसाच्या मागे चालतो, पुढे कधीच येत नाही.

---

तापीथडी

पेठकरींशी सहमत. आता काय गाळायचं ते बोलू. चौदा ठिकाणं मला तरी दोन वेगळ्या फेऱ्या वाटतात.

पहिली जुन्या गावाची : दगडी दरवाजा, पेठ, वाडे, वाडी, बोरी. हिचं सूत्र म्हणजे नदीकाठी तटबंदीतलं गाव कसं वसलं, व्यापारी कुठे बसले, संस्थान कुठे आलं.

दुसरी विसाव्या शतकातल्या अमळनेरची. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी एम.ए.नंतर आधी तिथेच अभ्यासाला आले आणि मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. २९ डिसेंबर १९४५ ला इथेच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, वनस्पती तुपाची. तीच पुढे विप्रो. १९५२ चं मराठी साहित्य संमेलन कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली अमळनेरात झालं आणि ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ९७ वं संमेलन पुन्हा इथेच भरलं. गिरणी, शाळा, तत्त्वज्ञान, कारखाना, साहित्य ही सगळी एका कापूसबाजाराच्या गावातली साखळी आहे. ती सांगायला वेगळी सकाळ द्या. ही ठिकाणं जुन्या पेठेला चिकटून नाहीत, मध्ये रहदारीचा रस्ता येतो. तिथे रिक्षा किंवा सायकल बरी.

दोन्ही एकत्र कोंबलं तर दगडी दरवाजापाशी उभं राहून विप्रोबद्दल बोलावं लागतं. जे समोर दिसत नाही ते उभ्या-उभ्या सांगू नये.

---

खारीमाती

वाडे "चार" कशाला? एक दाखवा, पण नीट दाखवा. चारही वाड्यांत तीच ती वाक्यं येतात : सागवानी काम, दीडशे वर्षं, पेशवेकालीन. लोकांना काही दिसतच नाही. (अवांतर : "पेशवेकालीन" हा शब्द आपल्याकडे कुठल्याही नक्षीदार खांबाला लावतात. बरेचसे वाडे कापसाच्या पैशाचे, म्हणजे इंग्रजी अमलातले असतात. कागद असल्याशिवाय वय सांगू नका.)

एका वाड्यापाशी सात मिनिटांत हे दाखवता येतं, याच क्रमाने :

१. ओटा. रस्त्यापासून किती उंच आहे ते गुडघ्याने मोजायला लावा. रस्त्यावर दर वेळी नवा थर पडून ओटा बुडत चाललाय. कुठे कुठे तीन पायऱ्यांची एकच उरली आहे. जुन्या रस्त्याची पातळी तिथेच कळते.

२. दाराची चौकट. वरच्या पट्टीवर मधोमध गणपती आहे का, कमळ आहे का, की नुसती वेल? दाराच्या फळ्यांवरचे खिळे बाहेरून गोल डोक्याचे दिसतात, आतून वाकवलेले असतात. कडी-कोयंडा बघा.

३. अडसर. याच्यासाठी बाकी सगळं गाळलं तरी चालेल. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत एकीकडे खोल भोक असतं आणि समोरच्या भिंतीत उथळ. खोल भोकात लाकडी अडसर झोपलेला असतो. रात्री तो बाहेर ओढायचा, दारामागून सरकवून टोक समोरच्या भोकात बसवायचं. म्हणजे खोल भोकाची लांबी निदान दाराच्या रुंदीएवढी हवी. दार चार फुटी असेल तर भिंतीच्या पोटात चार फुटांहून लांब पोकळी ठेवून बांधकाम केलेलं आहे. लोकांना आधी विचारा, "हे भोक कशाला असेल?" दोन मिनिटं तर्क करू द्या, मग मोबाइलची बॅटरी मारून आतला अडसर दाखवा. हात घालू देऊ नका, विंचू आणि गांधीलमाश्या असतात. कित्येक घरांत अडसर अजून ओढता येतो. घरच्या माणसालाच ओढून दाखवायला सांगा. तो लाकडाचा घासल्याचा आवाज लोक विसरत नाहीत.

४. वर बघायला लावा. तुळई, तिच्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा काड्या, त्यावर माती. हे धाबं. सगळ्यात वर खारी माती. ती पांढुरकी, क्षाराची माती ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही, म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी धाब्यावर खारी टाकायची. उतार किंचित, पन्हाळीकडे. कोकणात कौलं आणि आपल्याकडे धाबं असं का, याचं उत्तर पावसाच्या आकड्यांत आहे. इथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे तीन हजाराच्या आसपास. शिवाय मातीचा जाड थर उन्हाळ्यात घर गार ठेवतो.

५. वेळ उरला आणि घरच्यांची हरकत नसली तर बळद. भिंतीत किंवा दोन भिंतींमध्ये धान्य साठवायची जागा, वरून ओतायचं, खालच्या झडपेतून काढायचं.

एवढं एकाच घरात पाहिलं की पुढच्या घरांकडे लोक स्वतःच बोट दाखवतात.

---

गढीवरून

+१ अडसराला. यावल, रावेरकडच्या गढ्यांच्या दारातही तीच भोकं, फक्त अडसर मांडीएवढा जाड.

---

बोरीकाठ

खारीमाती, पेठकरी, तापीथडी, मनापासून आभार. सात थांबे पक्के करतो. आता प्रश्न असा की वाडेवाल्यांना काय सांगायचं, काय द्यायचं? आणि बोळातल्या इतरांना?

---

ओट्यावरची

बोरीकाठदादा, हे दगडी दरवाजाच्या आधी विचारायला हवं होतं. पेठेत लोक राहतात. बाहेरून येणाऱ्याला बोळ दिसतो, घरातल्या बाईला तो तिच्या अंगणाचाच तुकडा असतो.

पहिली गोष्ट पाणी. आपल्याकडच्या बहुतेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बोळात पाइप, मोटारी, ड्रम, बादल्या, कपडे, गोधड्या सगळं बाहेर असतं. त्या वेळी चौदा पाहुणे घेऊन गेलात तर शिव्याच पडतील, आणि रास्त पडतील. त्या गल्लीचा पाण्याचा वार आणि वेळ विचारून घ्या, रविवारी येत असेल तर त्या आठवड्यात मार्ग बदला. म्हणून पर्यायी बोळ आधीच चालून ठेवा.

दुसरी, सकाळी साडेसातच्या आत कुणाच्या दारात उभं राहू नका. सडा, रांगोळी, अंघोळी, पोरांच्या वेण्या. साडेआठ ते साडेदहा ही वेळ चांगली.

तिसरी, परवानगी घरातल्या कर्त्या पुरुषाकडून घेता आणि दार उघडावं लागतं बाईला. दोघांनाही विचारा. पहिल्या भेटीत पाहुणे नेऊ नका. एकटे जा, काय दाखवणार ते दारातच करून दाखवा, किती मिनिटं ते सांगा, कुठली खोली बंद ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्या. देवघर आणि स्वयंपाकघर लोक आपणहून बोलावतील तेव्हाच. आदल्या संध्याकाळी फोन. घरात सुतक, आजारपण, परीक्षा काहीही असू शकतं, "उद्या नको" म्हटलं की कारण न विचारता ठीक म्हणा.

चौथी, फोटो. वास्तूचे चालतील, माणसांचे विचारून, वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि पोरांचे अजिबात नाही. हे सुरुवातीच्या आठ मिनिटांत स्पष्ट सांगा, नंतर सांगितलं की पाहुण्याला ओशाळल्यासारखं होतं.

पाचवी, मानधन. रोख पाकीट दर फेरीला, पाहुण्यांसमोर नाही. "नको नको" म्हणतील, तरी द्या. दार उघडायच्या आधी ओसरी झाडायला, सतरंजी टाकायला, हंडा भरायला त्यांची सकाळ जाते.

---

पूर्वपश्चिम

उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खान्देशात फेरी मोडते ती उन्हानेच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चचा पहिला पंधरवडा ओढूनताणून. मे महिन्यात पारा ४३-४५ पर्यंत जातो, तेव्हा फेरी बंदच ठेवा.

थांबा कुठे घ्यायचा हे सावलीवर ठरवा, वास्तूच्या दारावर नाही. बोळ उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी सावली पूर्वेकडच्या घरांच्या पायाशी असते, गट तिथे उभा करा. संध्याकाळी उलट. बोळ पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात दक्षिणेकडच्या घरांच्या बाजूला. डिसेंबरात आपल्या भागात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर येतो, म्हणजे भिंत जेवढी उंच तेवढी तिची सावली लांब. सहा मीटर उंच घराच्या सावलीत तीन मीटरचा पूर्व-पश्चिम बोळ दिवसभर बुडालेला असतो. उलट मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस येतात, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, भिंतीला चिकटूनही उपयोग नाही.

आणि सांगणाऱ्याने ऊन स्वतःच्या तोंडावर घ्यावं. पाहुण्यांच्या डोळ्यांत ऊन गेलं की ते ऐकत नाहीत, नुसते डोळे बारीक करून उभे राहतात.

माणशी अर्धा लिटर पाणी, मदतनिसाकडे जलसंजीवनीची चार पाकिटं, एक मोठी छत्री. टोपी आणायला आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये सांगा.

---

गढीवरून

आवाजाचं पण सांगा कुणीतरी. गळ्यात अडकवायचा स्पीकर घ्यावा का?

---

पेठकरी

बोळात नको. दोन्हीकडे भिंती, आवाज घुमतो, शब्द तुटतात, वर घरातल्यांना त्रास. बारा जणांना स्पीकर लागतच नाही, उभं राहायची पद्धत लागते. पाठ भिंतीला लावा, गट अर्ध्या वर्तुळात समोर, सगळ्यात लांबचा माणूस तीन मीटरच्या आत. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मदतनीस हात वर करेल ती खूण. चालता चालता तर कधीच सांगू नका, पुढच्या दोघांनाच ऐकू येतं आणि मागचे दुसऱ्याच गप्पा सुरू करतात. स्पीकर फक्त नदीकाठी किंवा चौकात, तिथे आवाज उघड्यावर विरतो.

---

नोंदवही

आता माहितीबद्दल. पाय चुकला तर माणूस सावरतो, चुकीची माहिती मात्र गावभर फिरते.

प्रत्येक थांब्याचं एक कार्ड करा. वरच्या भागात ज्याला कागद आहे ते, साल-तारखेसह. खालच्या भागात "लोक सांगतात". बोलताना हे दोन शब्द खरोखर उच्चारायचे. उदाहरणं देतो.

पारोळा : भुईकोट १७२७ च्या सुमारास जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, भोवती खंदक. एवढं वरच्या भागात. "झाशीच्या राणीचं माहेर" हे गावात सर्रास ऐकायला येतं. राणी लक्ष्मीबाई जन्मल्या काशीत, वडील मोरोपंत तांबे. तांबे घराण्याचं पारोळ्याशी नातं सांगितलं जातं. तेव्हा "राणी इथे वाढली" असं वाक्य मार्गदर्शकाच्या तोंडून येता कामा नये.

नंदुरबार : ९ सप्टेंबर १९४२ ची चले जाव मिरवणूक, तीत गोळीबारात गेलेले शिरीषकुमार आणि त्यांचे सोबती. इथे कागद भरपूर आहे, सजवायची गरजच नाही. पाचही हुतात्म्यांची नावं घ्या. लोक नेहमी एकच घेतात आणि बाकीचे चौघे "इतर" होऊन जातात. शिरीषकुमारचं वय विचारतील : जन्म २८ डिसेंबर १९२६, म्हणजे सोळावं चालू होतं. माणिक चौकात स्मारकापाशी गोष्ट सांगून झाली की एक मिनिट गप्प राहा आणि लगेच पुढच्या वाड्याकडे हाकारू नका. तो थांबा शेवटचा ठेवला तर उत्तम.

एरंडोल : पांडववाड्याबाबत वाद आहे, मशीद की पांडवांच्या काळातली वास्तू असा. आत नेण्याआधी प्रशासनाची त्या दिवसाची स्थिती विचारा. बाहेर उभं राहून कुणाची बाजू घेऊ नका. गटात दोन्हीकडचे लोक असतात.

कागद कुठे मिळतो? १८८० चं खान्देश गॅझेटियर गावागावाची नोंद देतं, पण ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून आहे हे ध्यानात ठेवून वाचा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेल्यावर १९२७ मध्ये स्थापन झालेलं, तिथे दप्तरं आणि संग्रहालय दोन्ही आहे. नगरपरिषदेचे जुने घरपट्टी उतारे आणि भूमापनाचे नकाशे हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उघडलेले. बोळाचं जुनं नाव त्यातच सापडतं.

आणि एक किरकोळ पण नेहमीची चूक : "पूर्वीचा जळगाव जिल्हा" म्हणतात, पण १९०६ च्या आधी एकच खान्देश जिल्हा होता, मग पूर्व (आताचा जळगावकडचा) आणि पश्चिम (धुळ्याकडचा) झाले. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा.

---

तापीथडी

नोंदवही, मुद्दा मान्य, पण थोडा विरोध नोंदवतो. दंतकथा अशी "खालच्या भागात" ढकलू नका. सखाराम महाराजांच्या वाडीबद्दल, बोरीबद्दल म्हातारी माणसं जे सांगतात त्यातच गाव आहे. ज्याला कागद नाही ते खोटं, असा सूर लागला तर गावकरी बोलायचे थांबतील.

---

नोंदवही

तापीथडी, खोटं म्हणत नाहीच आहे. सांगा, पूर्ण रंगवून सांगा, आणि शक्य तर त्या म्हाताऱ्या माणसालाच सांगू द्या. फक्त सुरुवातीला "लोक सांगतात" म्हणा. त्याने गोष्टीची किंमत कमी होत नाही. पाहुणा घरी जाऊन ती इतिहास म्हणून लिहून टाकतो, तेवढंच टळतं. वाडीबाबत तर वारकरी परंपरेचा जिवंत कागद समोरच आहे : वैशाखातली यात्रा, शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्याच्याएवढं ठोस दुसरं काय?

---

हिशोबनीस

पैशांचं. फुकट ठेवू नका. फुकट फेरीला वीस नावं येतात आणि सहा माणसं उगवतात, किंवा चाळीस उगवतात.

एका फेरीचा ठरलेला खर्च, माणसं कितीही येवोत : मार्गदर्शक ८००, मदतनीस ४००, वाडेवाल्यांचं मानधन ३००. झाले १५००. माणशी खर्च : अल्पोपाहार ४०, पाणी आणि छापील नकाशा १०. म्हणजे ५०.

तिकीट १५० ठेवलं तर माणशी १०० उरतात, १५०० भागायला १५ माणसं लागतात. पण गट तर १४ च्या वर न्यायचा नाही असं वर ठरलंय! म्हणजे १५० रुपयांत ही फेरी कधीच भागत नाही. २०० ठेवलं तर माणशी १५० उरतात, दहा माणसांत बरोबरी, बारा आले तर ३०० शिल्लक. दहापेक्षा कमी नावं शुक्रवारपर्यंत आली तर फेरी पुढच्या रविवारी ढकला आणि तसं आधीच लिहून ठेवा.

गावातल्या शाळांना महिन्यातून एक फेरी बिनपैशांची द्या, पण रविवारी नाही आणि वाड्यात नेऊन नाही. दरवाजा, नदी, बाजार पुरे. पन्नास पोरं ओसरीवर मावत नाहीत.

---

कळणाभाकर

अल्पोपाहार ४० रुपयांत समोसा-चहा देऊ नका हो! तो कुठेही मिळतो. कळण्याची भाकर (ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले), वर भरीत, सोबत कांद्याची पात, शेंगदाणे. हिवाळ्यात भरताच्या वांग्यांचा हंगामच असतो. वांगी काट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजायची, गॅसवर भाजलं की धुराचा वास येत नाही आणि मग ते भरीत राहत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून, तेल सढळ. भाकर अर्धी, भरीत एक पळी, एवढं चाळिसात बसतं, बचतगटाला सांगून ठेवलं तर.

मांडे दाखवायचा मोह होईल. खापर उपडं चुलीवर, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत मोठी करत जायची आणि अलगद खापरावर टाकायची, बघण्यासारखंच असतं. पण त्याला खापर तापायलाच वेळ लागतो, कणीक आधी भिजवून मुरलेली हवी, आणि करणारी बाई पाहुण्यांची वाट बघत चुलीपुढे बसून राहते. दर रविवारी नको. वर्षातून दोनदा वेगळी मांड्यांची फेरी ठेवा, तिचं तिकीट वेगळं, मांडे करणारीचं मानधन मार्गदर्शकाएवढंच.

खाणं शेवटच्या थांब्यावर. मध्ये ठेवलं की फेरी तिथेच संपते.

---

गढीवरून

सुरक्षेचं माझ्याकडून.

मातीच्या गढ्या आणि जुने बुरूज पावसात भिजून जड होतात, माती पकड सोडते. भिंत पावसातच पडते असं नाही, उघडीप पडल्यावर, वरचा थर वाळून तडकताना आतला ओला गाभा सरकतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात "आता पाऊस संपला" म्हणून गढीच्या पायाशी गट उभा करू नका. पडक्या भिंतीपासून निदान तिच्या उंचीएवढं अंतर, बारमाही. भिंतीत पिंपळ उगवलेला दिसला तर दुप्पट. अमळनेरच्या दगडी दरवाजापाशीही बुरुजाला टेकून गटफोटो नको. रहदारीच्या पलीकडच्या कडेला उभं राहून तो अधिक चांगला दिसतो, अख्खा दिसतो.

उघड्या गटारी : मदतनिसाने फेरीआधी अर्धा तास पूर्ण मार्ग चालून बघायचा. ढापा तुटलेला, खोदलेलं, मांडव पडलेला, हे शनिवारी नसतं आणि रविवारी असतं.

स्वच्छतागृह सुरुवातीच्या ठिकाणीच हवं, वाटेत सापडत नाही. सुरुवातीची जागा त्यावरून ठरवा. गाड्या लावायला पेठेबाहेर जागा आणि तिचं लोकेशन आदल्या दिवशी पाठवा.

संरक्षित स्मारकात गट न्यायचा तर संबंधित खात्याला आधी लेखी कळवा. ड्रोनचा विषय काढू नका. नगरपरिषदेला आणि पोलीस ठाण्याला मार्ग, वार, वेळ, गटाचा आकडा असं एक साधं पत्र देऊन पोच घ्या.

---

ओट्यावरची

भाषेचं राहिलं. मार्गदर्शकाला अहिराणी यायलाच हवी. पाहुण्यांशी प्रमाण मराठीत बोला, पण ओट्यावरच्या आजीने "कोन गावना शेतस?" विचारलं की उत्तर अहिराणीतच जायला हवं, आणि मग त्याचा अर्थ पाहुण्यांना सांगायचा. फैजपूर, यावल, रावेरकडे आखत असाल तर तिथली लेवा बोली वेगळी आहे, अमळनेरचा माणूस तिथे नेऊन भागणार नाही, तिथलाच घ्या. वस्तूंची नावंही बोलीतलीच सांगा. "धान्यकोठार" म्हणून काय कळणार, बळद म्हणा.

---

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं धरून मार्ग असा लावतोय :

सुरुवात ८.३०, पेठेबाहेर, गाड्या आणि स्वच्छतागृहाच्या जागी. दगडी दरवाजा, पलीकडच्या कडेने. बाजारपेठेचा उभा रस्ता, जुन्या दुकानांच्या फळ्या आणि वरचे सज्जे. एक पूर्व-पश्चिम बोळ, तिथे ओटा आणि रस्त्याची पातळी. वाडा, अडसरासह, हाच एकमेव आत जायचा थांबा. विहीर असलेला चौक. वाडी संस्थान. शेवट बोरीकाठी, भाकर-भरीत. सात झाले. अंतर मोजून १.४ किलोमीटर येतंय. तिकीट २००, गट १२. तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजी, विप्रो ही दुसरी फेरी पुढच्या हंगामात.

काही राहिलं का?

---

पेठकरी

दोन गोष्टी. अंतर चपलेने मोजा, नकाशावर नाही. नकाशा बोळातली वळणं गाळतो. आणि उलट दिशेनेही एकदा चालून बघा. सकाळी साडेदहाला बोरीकाठी सावली कुठे असते ते बघितलंत का? नसेल तर शेवट नदीवर न करता वाडीच्या जवळ, झाडाखाली करा आणि नदी सहावा थांबा करा.

---

तापीथडी

आणि वाडीत आरती किंवा कीर्तन चालू असलं तर बाहेर थांबा, संपेपर्यंत. तो वेळ त्या दहा हातच्या मिनिटांतून घ्या. चपला कुठे काढायच्या ते आधी सांगा, चौदा जोड दारात विखुरले की भाविकांना अडखळायला होतं. वैशाखात यात्रेच्या दिवसांत तशीही फेरी बंद असेल, पण मुद्दाम यात्रेसाठीच कुणी विचारलं तर त्यांना मार्गदर्शक देऊ नका, नुसती वेळ सांगा आणि गर्दीत मिसळू द्या.

---

ओट्यावरची

बोरीकाठदादा, तो विहिरीचा चौक ज्या गल्लीत येतो तिथला पाण्याचा वार विचारलात का?

---

बोरीकाठ

नाही विचारला. उद्याच जातो.